आधी मूळ, मग मलम

धानाची रोवणी उरकली की आमच्या रेडिओवर येणाऱ्या प्रश्नांचा रंग बदलतो. ताप, हगवण मागे पडतात आणि खाज पुढे येते. बोटांच्या बेचक्यात खाज, कमरेला नाडीच्या जागी खाज, जांघेत, स्तनांखाली, मानेवर. कोणी दोन महिने खाजवते आहे, कोणी दोन वर्षं. आणि जवळजवळ प्रत्येकीचं विचारणं एकच असतं, "कोणती ट्यूब लावू?"

आज आम्ही ट्यूबचं नाव सांगणार नाही. उलट तुम्हालाच विचारणार आहोत. खाज नेमकी कुठे आहे? सुरू कधी झाली? दिवसा जास्त की रात्री? घरात आणखी कोण खाजवतं? त्या जागेला रोज काय लागतं, काय घासतं? आणि आतापर्यंत त्यावर काय काय लावून झालं? एवढ्या प्रश्नांची खरी उत्तरं मिळाली तर बरेचदा कारण त्यातच सापडतं. ही उत्तरं डॉक्टरांकडे नसतात, तुमच्याकडे असतात. आरोग्य केंद्रात रांग लांब असते, तुमच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. त्यात जांघेतली खाज असली की बाई लाजते, हाताची दाखवते आणि खरी जागा लपवून घरी येते. मग औषध चुकलं यात नवल काय?

तर आधी मूळ शोधू. आणि हे शोधण्यात बाया काही कमी नाहीत, हे सांगण्यासाठी थोडं लांब, इटलीला जाऊन येऊ.

१६८७ साली तिथल्या लिव्होर्नो शहरात बोनोमो नावाचा एक डॉक्टर होता. खरूज का होते याबद्दल तेव्हाचे मोठमोठे वैद्य सांगायचे की रक्त बिघडतं, अंगातले दोष वर येतात. बोनोमोच्या कानावर मात्र आलं होतं की गरीब बाया आपल्या खरूज झालेल्या लेकरांच्या कातडीतून सुईच्या टोकाने काहीतरी बारीकसं काढतात आणि नखावर चिरडतात. त्याने तेच काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. पाहतो तर काय, कासवासारखा दिसणारा एक जिवंत किडा! त्याने चित्र काढलं आणि कारण लिहून ठेवलं. पण विद्वानांनी ते मनावर घेतलं नाही. जवळपास दीडशे वर्षांनी, १८३४ साली, पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर सुईने तो किडा काढून दाखवला, तेव्हा कुठे वाद मिटला. रेनुची कोर्सिका बेटावरचा. ही युक्ती त्याने कुठे पाहिली होती? आपल्या गावाकडच्या बायांकडे! जे आयांना ठाऊक होतं ते पुस्तकात यायला इतकी वर्षं लागली.

तो किडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते. खाज येते ती तिच्या चावण्याने नाही, तर ती, तिची अंडी आणि विष्ठा यांच्याविरुद्ध आपलं अंग बंड करून उठतं म्हणून. आणि हे बंड लगेच होत नाही. खरूज पहिल्यांदाच झाली असेल तर किडा अंगावर आल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. आमच्या मते सगळा घोळ इथे होतो. मुलगी आश्रमशाळेतून सुटीत घरी येते, आजीच्या कुशीत झोपते, सुटी संपली की परत जाते. महिन्याभराने आजी खाजवू लागते. तेव्हा मुलीची आठवण कोणालाच येत नाही. मग वांग्यावर खापर फुटतं, मासोळीवर फुटतं, नाहीतर कोणीतरी करणी केली म्हणतं. बिचारी आजी दोन महिने वांगं सोडून बसते.

खरूज ओळखायची कशी? रात्री अंथरुणात शिरलं की खाज वाढते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, कमरेला, स्तनांच्या खाली, पुरुषांना लिंगावर बारीक पुळ्या येतात. तान्ह्या बाळाला तळहात, तळपाय आणि डोक्यावरही येतात. सगळ्यात मोठी खूण म्हणजे घरात एकटीलाच नसते. दोघं-तिघं खाजवत असतील तर आधी खरजेचाच विचार करा.

तिचं औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात विचारलं तर मिळतं. बहुतेक वेळा पर्मेथ्रिन नावाचं मलम देतात. पण ते जिथे खाज तिथे लावून चालत नाही. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखाली, बेचक्यांत, गुप्तांगाच्या आजूबाजूला, सगळीकडे रात्री लावायचं आणि सकाळी धुवायचं. हात धुतले तर हाताला पुन्हा लावायचं. लहान लेकरांना डोक्यालाही लावावं लागतं, तेव्हा ते कसं हे दवाखान्यात विचारून घ्या. गरोदर बाई आणि दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर तसं आधीच सांगा. आठवड्याने पुन्हा एकदा लावायचं. आणि महत्त्वाचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. "मला कुठे खाज आहे?" म्हणणाऱ्या घरधन्यानेसुद्धा. तो एक सुटला तर महिन्याभराने पुन्हा सगळं घर खाजवेल आणि औषधाचे पैसे पाण्यात जातील. चादरी, गोधड्या, अंगातले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. धुता न येणारं काही असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवून द्या. माणसाच्या अंगाबाहेर तो किडा तीन-चार दिवसांवर जगत नाही.

औषध लावल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत असतात. म्हणून औषध लागू पडलं नाही असं समजून रोज-रोज लावत बसू नका. नव्या पुळ्या येत असतील तरच परत दाखवा. आणि फवारणीचं औषध, घासलेट, पेट्रोल अंगाला लावणं बंद करा. कातडी भाजते, विष अंगात जातं. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ करायची तर करा, त्याने काही बिघडत नाही. पण खरूज तेवढ्याने जाईल या भरवशावर राहू नका. खाजवून-खाजवून पू झाला आणि तो अंगावर काढला तर लेकरांच्या मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. चेहरा सुजला, लघवी चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता दुसरा प्रश्न, जागेचा. यासाठी आपल्याच जंगलातली एक गोष्ट.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सैनिक भारतात येऊन राहिले होते. त्यांच्यातल्या काहींना मानेच्या मागे खाजरे, पाणी भरलेले फोड यायला लागले. मलमं लावली, बरं वाटेना. मग त्यांच्या डॉक्टरांनी खाजेकडे पाहणं सोडून कपड्याकडे पाहिलं. फोड होते त्याच जागी, कॉलरच्या आतून, धोब्याने केलेली काळी खूण होती. कोणाचा सदरा कोणता हे कळावं म्हणून धोबी जी खूण करायचा, ती कशाने? बिब्याने! कितीही धुतलं तरी न जाणारी शाई. लिव्हिंगूड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या तीन डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय मासिकात हे छापलं आणि आजाराला नावच दिलं, धोबीखुणेचा त्वचारोग. औषध काय? खुणेचा कपडा बदलणे.

बिबा आपल्याला काही नवा नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात झाड आहे, गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात जाते, दाराला काळा बिबा टांगतात, पायात काटा मोडला की चटका देतात, गुडघा दुखला की तेल लावतात. विदर्भात कित्येक बाया बिबे फोडून गोडंबी काढतात आणि त्यांच्या बोटांकडे पाहिलं की त्या तेलाची ताकद कळते. चांगल्या कामात कोणी खोडा घातला तर आपण त्याने बिब्बा घातला म्हणतो ते उगाच नाही. हे तेल दोन तऱ्हांनी त्रास देतं. एक तर सरळ भाजतं, कोणालाही. दुसरं म्हणजे काहींच्या अंगाला त्याचं वावडं जडतं. मग पुढच्या वेळी थेंबभर लागलं तरी एक-दोन दिवसांत सूज, फोड आणि जीव नकोसा करणारी खाज. यालाच आपल्याकडे बिबा उतला म्हणतात. तेल लागलंच तर ताबडतोब साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा, नखांखालूनही. त्याच हाताने तोंडाला, बाळाला शिवू नका. फोडताना जाड हातमोजे घाला. बिब्याच्या टरफलांचा धूर करू नका, तो डोळ्यांना आणि श्वासाला लागतो.

या वावड्याची एक खोड लक्षात ठेवा. ते पहिल्या दिवशी येत नाही. "मी तर दहा वर्षं हेच लावते, कधी काही झालं नाही," हे आम्ही नेहमी ऐकतो. वावडं असंच जडतं, लावता-लावता. एकदा जडलं की बहुतेक वेळा जन्मभर पुरतं. म्हणून जुनी वस्तू म्हणून तिला संशयातून सोडू नका.

टिकलीचंच पाहा. कपाळावर बरोबर टिकलीएवढी गोल खाज, मग लाली आणि काही जणींच्या कपाळावर शेवटी पांढरा डाग. टिकलीच्या गोंदात असणाऱ्या एका रसायनामुळे कातडीचा रंग उडू शकतो, हे आपल्याच देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवलेलं आहे. पण घरात काय होतं? पांढरा डाग दिसला की कोड म्हणतात आणि पोरीचं लग्न अडतं. तो डाग टिकलीच्या आकाराचा आहे का, एवढं कोणी पाहत नाही. खाज सुटली त्याच दिवशी टिकली सोडली तर पुष्कळदा पुढचं टळतं. हवं तर कुंकू लावा. त्यानेही खाजलं तर कपाळ मोकळं ठेवा. कपाळ मोकळं राहिल्याने कोणाचं काही अडत नाही, असं आमचं मत आहे, कोणाला पटो न पटो.

तसंच खोट्या दागिन्यांचं. कानाच्या पाळीला पाणी सुटतं, मानेवर साखळीच्या रेषेत पुरळ येतं, बेंबीखाली पिनच्या जागी चट्टा पडतो. या धातूत निकेल असतं आणि घाम आला की ते कातडीला जास्त लागतं. केस काळे करायची पूड आणि झटपट रंगणारी काळी मेंदी यांत आणखी एक रसायन असतं, त्याने कपाळ, कान, पापण्या सुजतात. भांड्यांच्या नि कपड्यांच्या पावडरीने दोन्ही हातांची कातडी फाटते. कमरेला नाडीच्या रेषेत काळपट, जाड झालेली कातडी असेल तर घट्ट नाडी हे एक कारण झालं. नाडी रुंद करा, थोडी वरखाली बांधा.

संशय एकीवर आला तर तपासायचं कसं? तीन आठवडे ती एकच वस्तू बंद करा, बाकी सगळं तसंच ठेवा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज खूण करा, खाज होती की नव्हती. कमी झाली, तर पुन्हा एकदा वापरून पाहा. परत आली की चोर सापडला. (बिब्यावर आणि केसांच्या रंगावर हा प्रयोग करू नका बरं, ती चोरी आपल्याला परवडणारी नाही.)

काही खाज ऋतू पाहून येते. गाजर गवत तुम्ही पाहिलंय, बांधावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात पांढऱ्या बारीक फुलांचं. कोणी काँग्रेस गवत म्हणतं. १९५५च्या सुमारास ते पुण्यात नजरेत आलं आणि मग देशभर पसरलं. त्याचे वाळलेले कण वाऱ्याने उडतात, म्हणून खाज उघड्या भागावर येते, पापण्या, चेहरा, मान, कोपराच्या आतली घडी. पहिल्या वर्षी थोडी, पुढच्या वर्षी जास्त, आणि गावाबाहेर गेलं की बरं वाटतं. उपटायचंच तर फुलावर यायच्या आधी, ओल्या मातीतून, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून. ज्याला वावडं आहे त्याला त्या कामाला लावू नका.

रोवणीच्या चिखल्या तर तुम्हीच आम्हाला सांगाल. दिवसभर बांधीत पाय, बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, ओली, फाटलेली. रात्री पाय धुऊन, बेचक्या कापडाने टिपून कोरड्या करा, मग दवाखान्यातलं बुरशीचं मलम लावा. ओल्या पायात प्लास्टिकचे बूट चढवले तर चिखल्या मरत नाहीत, वाढतात.

आता ज्याच्यासाठी आज बसलो ते, गजकर्ण. कोणी नायटा म्हणतं, कोणी दाद. ही बुरशी आहे. गोल चट्टा, कडेला लाल उठलेली किनार, मधला भाग थोडा निवळलेला, आणि खाज अशी की चारचौघांत हात आवरत नाही. जांघ, कंबर, नितंब, स्तनांखाली, काख, म्हणजे जिथे घाम साचतो तिथे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने हे जायचं. आता जात नाही, अशी तक्रार गावोगाव आहे, आणि ती खरी आहे. याला कारणं दोन, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेली.

मेडिकलमध्ये जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की बहुतेक वेळा जी ट्यूब मिळते तिच्यात तीन-चार औषधं एकत्र असतात. एक बुरशीचं, एक जंतूचं आणि एक स्टेरॉइड. स्टेरॉइड काय करतं? बांधीवर राखणदार बसलेला असतो ना, रानडुक्कर आलं की ओरडणारा? खाज आणि लाली म्हणजे त्या राखणदाराची ओरड. स्टेरॉइड त्याला झोपवतं. ओरड थांबते, आपल्याला वाटतं डुक्कर गेलं. ते आत निवांत धान खात असतं. चार दिवसांत खाज थांबते, आपण ट्यूब बंद करतो, आठ दिवसांत पुन्हा उठते, आधीपेक्षा मोठी. पुन्हा ट्यूब. असं करत बुरशी कमरेवरून पोटावर, पाठीवर जाते. तिचा गोल आकारही मोडतो, किनार पुसली जाते, आणि मग डॉक्टरसुद्धा पटकन ओळखू शकत नाहीत. आयव्ह आणि मार्क्स या दोन डॉक्टरांनी १९६८ सालीच याला वेश पालटलेलं गजकर्ण अशा अर्थाचं नाव दिलं होतं. म्हणजे खाजेचं मूळ शोधायला निघालो आणि त्याच्या पाऊलखुणा आपणच पुसून टाकल्या.

वर नुकसान वेगळंच. जांघेची, काखेची कातडी पातळ होते, तिथे बाळंतपणात पोटावर पडतात तसे रुंद पट्टे पडतात आणि ते जात नाहीत. तोंडावर लावली तर चेहरा लाल राहतो, पुटकुळ्या येतात, बारीक लव वाढते. कितीतरी मुली हीच ट्यूब गोरं व्हायची क्रीम म्हणून लावतात. लहान बाळाला लंगोटाच्या जागी लावणं तर आणखी वाईट, पातळ कातडीतून औषध रक्तात जातं.

दुसरं कारण, बुरशीच बदलली. आपल्या भागात पसरलेल्या या बुरशीला जपानमधल्या संशोधकांनी २०२० साली स्वतंत्र नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. त्यांनी ती भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या कातडीवरून घेतली होती. नेहमीचं टर्बिनाफिन हे औषध तिच्यातल्या अनेक वाणांना दाद देत नाही. म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

ट्यूब वाचायला शिकूया. खोक्यावर औषधांची नावं बारीक अक्षरात असतात. मुलाला किंवा सुनेला मोठ्याने वाचायला सांगा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं काही ऐकू आलं की समजा, स्टेरॉइड आहे. क्लोट्रिमाझोल, ल्युलिकोनाझोल असं "नाझोल", "माझोल" ऐकू आलं तर ते बुरशीचं. एकाच ट्यूबमध्ये दोन्ही असली तरी ती गजकर्णावर नको. २०१८ साली सरकारने अंगाला लावायच्या स्टेरॉइड मलमांची सूट काढली, त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत असा नियम आहे. नियम आहे, आणि दुकानात काय चालतं तेही आपल्याला माहीत आहे. म्हणून मागणाऱ्यानेच "त्यातलं नको" म्हणायला हवं.

स्टेरॉइड हे औषध वाईट नाही, हेही सांगून ठेवतो. इसबाला, बिबा उतल्यावर, डॉक्टर पाहून थोडे दिवस देतात आणि त्याने चांगला आराम पडतो. मूळ ओळखून दिलं तर औषध, न ओळखता लावलं तर घात. आणि जी कित्येक महिने ते लावते आहे तिने बंद करताना डॉक्टरांना दाखवूनच करावं, कारण सोडलं की काही दिवस लाली उसळते आणि बाई घाबरून पुन्हा त्याच ट्यूबकडे वळते.

गजकर्णाचं खरं औषध धीर मागतं. कित्येक आठवडे, डाग दिसेनासा झाल्यावरही सांगितले तितके दिवस. चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जागेपर्यंत मलम लावायचं. घरात ज्याला-ज्याला आहे त्याचा इलाज एकदम. टॉवेल वेगळा, परकर-चड्डी उन्हात उलटी करून वाळवलेली. पावसात कपडे वाळत नाहीत हे आम्हाला कळतं, पण दमट परकर नेसण्यापेक्षा चुलीच्या उबेवर वाळवलेला बरा. शंका असेल तर मोठ्या दवाखान्यात कातडीचा कोंडा खरवडून, त्यावर औषधाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे धागे तिथे दिसतात. दुखत नाही, सुईही टोचत नाहीत.

दोन गोष्टी उरल्या, दोन्ही लहान पण सोडून चालणार नाही अशा.

एक, जो चट्टा खाजत नाही तो. आपले दोन्ही जिल्हे कुष्ठरोगाचे जुने जिल्हे आहेत. १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती काढली ती वरोऱ्यालाच. फिकट किंवा लालसर चट्टा, खाज नाही, दुखत नाही, कापसाचा बोळा फिरवला तर तिथे कळत नाही, असं असेल तर आशाताईला दाखवा. त्रास नाही म्हणून बाया वर्ष-वर्ष दाखवत नाहीत, आणि तोवर नस खराब होते, बोटं वाकतात. औषध सरकारी केंद्रात फुकट आहे, सहा महिने किंवा बारा महिने. वेळेत घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो.

दुसरी, खाज आहे पण पुरळच नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपायांना जबर खाज सुटली, रात्री झोप नाही, आणि अंगावर काहीच दिसत नाही, तर उष्णता म्हणून बसू नका. यकृताच्या बिघाडाने असं होतं आणि पोटातल्या बाळाला धोका असतो. रक्त तपासून कळतं. हे सासूबाईंनीही ऐकावं, कारण "आम्हालाही खाजायचं" असं बहुतेक त्याच म्हणतात. गरोदर नसणाऱ्या बाईला, पुरुषाला, म्हाताऱ्या माणसाला पुरळाशिवाय आठवडेच्या आठवडे खाज असेल तर साखर, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड तपासून घ्यावं लागतं. आणि नवं औषध घेतल्यावर तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलवटतेय किंवा अंगावर गांधी उठून श्वास अडकतोय, असं झालं तर उद्याची वाट पाहू नका.

दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी त्या जागेला मलम, पावडर, हळद, काहीही लावू नका, नुसतं पाण्याने धुवा. आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या झालेल्यासुद्धा, एका पिशवीत भरा. टिकलीचं पाकीट, केसांच्या रंगाची पुडी, साबणाचा कागद त्यातच टाका. खुणा केलेलं कॅलेंडरचं पान फाडून घ्या. लाज वाटत असेल तर आशाताईला सोबत न्या, बाई डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते तिला माहीत असतं. आणि दार लोटून झालं की हात नव्हे, खरी जागा दाखवा.